खरं निघालेलं भस्म

ये, जवळ ये. म्हणजे हा कागद जवळ घे आणि नीट वाच, कारण आज मी तुला रागावणार आहे आणि माझा राग लांबून कळत नाही. परवा आलीस, जेवलीस, शेंगाची चटणी बांधून घेतलीस, इथवर सगळं चांगलं. मग फडताळातलं जुनं गजराचं घड्याळ काढलंस, त्याची काच उघडलीस आणि आकड्यांवरचा पिवळट रंग नखानं खरवडून बघितलास. वर मलाच सांगतेस, "आजी, हे मेलंय. अंधारात चमकत नाही." मी साबण पुढे केला तर हसलीस. ओल्या फडक्यानं मी फडताळ पुसत बसले तोवर तुझी गाडीची वेळ झाली आणि बोलायचं राहून गेलं. शिकलेल्या पोरीनं असं नख घालायचं असतं का ग?

चमकत नाही म्हणजे मेलं, असं नसतं. हे मला शाळेनं शिकवलं नाही. माझी शाळा चौथीतच सुटली. हे मी शिकले सोलापूरच्या आमच्या घरात, लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा. गिरण्यांच्या भोंग्यावर गाव उठायचं, त्या काळातली गोष्ट.

माझे सासरे फोटोग्राफर. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मधे फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायची अंधारी खोली, मागे आमचं घर. माणूस हाताचा फार चांगला, पण स्वभाव असा संशयी की दुधाचा थेंब नखावर धरून बघणार, तूप तळव्यावर चोळणार, केशर ओल्या फडक्यावर घासणार. जावयानं पेढे आणले तर त्यांचाही वास घेतला होता. गिऱ्हाईक जास्त गोड बोलायला लागलं की हे कॅमेऱ्याला झाकण लावून ठेवायचे. त्या घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला जायचा, खरं का खोटं. खरं ठरलं की आत, खोटं ठरलं की बाहेर. दुसरा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता.

थोरल्या जावेला मी अक्का म्हणायची. तिचे गुडघे बाळंतपणात धरले ते धरलेच. चुलीपुढून उठताना तिचा एक हात भिंतीला, दुसरा माझ्या खांद्याला, आणि ओठ असे घट्ट मिटलेले की कळ बाहेर पडू नये. ती भाकरी थापायची, मी शेजारी बसून निखाऱ्यावर शेकायची आणि मोठ्यानं वाचायची. काय हाताला लागेल ते. वाण्याच्या पुडीचा कागद, मासिकाची फाटकी पानं, माझा भाऊ वैरागच्या शाळेत मास्तर होता त्याची पुस्तकं. भाकरी करपली तर सासूबाईंना अक्का सांगायची, "माझ्या हातनं करपली." मी जे काही शिकले ते तिच्या भाकरीच्या आडोशानं शिकले, बघ. म्हणून पुढचं मला इतकं लागलं.

एक दिवस स्टुडिओत एक गृहस्थ आला. अंगात कोट, डोक्याला फेटा. वैद्य म्हणावं तर नाडी धरत नव्हता, डॉक्टर म्हणावं तर गळ्यात नळी नव्हती. त्याला फोटो काढायचा होता, पण हातात एक बाटली धरून. अंगठ्याएवढी काचेची बाटली, बुचावर लाख, आत फिकट पिवळी पूड.

"माणूस फोटो काढतो तेव्हा हातात पुस्तक धरतो, काठी धरतो," सासरे म्हणाले. "तुमी बाटली कशाला धरताय?"

"मालक, ह्या बाटलीपुढं मी कोण? हे रेडियमचं भस्म. विलायतेहून आलेलं. चिमूटभर सकाळी दुधातून घ्यायचं. धरलेले सांधे लोण्यासारखे मोकळे होतात." मग आत बघून म्हणाला, "अंधार हाय का तुमच्याकडं?"

"अंधारावरच पोट हाय आमचं."

भर दुपारी आम्ही सगळे त्या अंधाऱ्या खोलीत शिरलो. तो सासऱ्यांच्या पुढे, मी नि अक्का दाराशी, सासूबाई सगळ्यांच्या मधून वाट काढत. सासऱ्यांनी लाल दिवा बंद केला. आधी काही दिसेना. मग डोळे सरावले आणि बाटली दिसायला लागली. काजव्याच्या पोटासारखा हिरवट उजेड, पण काजव्यासारखा उघडझाप न करणारा. मला ते सुंदर वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. एखादं जनावर टक लावून बघत बसलंय असं वाटलं.

सासूबाई मैंदर्गीच्या, कानडी मुलखाच्या कडेच्या. घाबरल्या किंवा भारावल्या की कानडीत शिरायच्या. त्या काहीतरी पुटपुटल्या आणि अंधारातच हात जोडल्याचा बांगड्यांचा आवाज आला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "भस्मच हाय की हे. आपण रोज कपाळाला विभूती लावतो, दुखणं आलं की चिमूटभर जिभंवर घेतो. ह्यात तर देवाचं तेज दिसतंय. अक्काला द्यायचंच."

आमच्या घरात विभूती म्हणजे शेवटचा शब्द. जे जळून राख झालं त्याच्यातला दोष जळून गेला, उरलं ते शुद्ध, ही समजूत. म्हणून 'भस्म' म्हटल्यावर त्यांना शंका घ्यायला जागाच राहिली नाही.

जागा सासऱ्यांकडे भरपूर होती. "तेज न्हाय, युक्ती हाय. असल्या पुडीला ऊन पाजलं की ती घटकाभर चमकती. मुंबईची खेळणी बघितल्यात मी."

"मग आठ दिवस पेटीत कोंडा," तो माणूस म्हणाला. "विझली तर मला रस्त्यात उभं करून जोडे मारा."

"कोंडतोच. आणि नुसती कोंडत न्हाय." फोटोवाल्या लोकांत एक गोष्ट ऐकून ठाऊक असायची, की खऱ्या रेडियमपासून प्लेटा लांब ठेवाव्यात, काळ्या कागदातूनही त्या काळ्या पडतात. सासऱ्यांनी एक कोरी प्लेट काळ्या कागदात गुंडाळली, खरं असलं तर छाप उठावी म्हणून वर कपाटाची किल्ली ठेवली, किल्लीवर बाटली आडवी केली आणि ते सगळं एका लाकडी पेटीत घालून कुलूप लावलं. कुलपाची चावी गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्याला बांधली.

सासूबाईंनी विचारलं, "माझ्यावर बी संशय?"

"तुझ्यावरच पयला."

आता मजा बघ. त्या आठवड्यात घरातले सगळे एकमेकांवर नजर ठेवून होते. सासरे त्या माणसावर, की तो मागच्या दारानं येऊन बाटली बदलेल. सासूबाई सासऱ्यांवर, की हे मुद्दाम पूड बिघडवतील. आणि मी त्या पेटीवर. स्टुडिओतून पाण्याचा हंडा घेऊन जाताना मी तिच्यापासून लांबून वळसा घालायची. अक्का तेवढी पेटीकडे वेगळ्या डोळ्यांनी बघायची. एकदा म्हणाली, "खरं निघू दे ग. लई दिस झाले, मी देवापुढं मांडी घालून बसले न्हाय."

मधेच माझा भाऊ वैरागहून आला, शाळेच्या मुलांचा फोटो न्यायला. मी कट्ट्यावर ज्वारी निवडत होते. त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, दादा, विस्तव नाही, तेल नाही, मग ते चमकतं कशावर?

त्यानं सुपातला एक दाणा उचलला. "प्रत्येक वस्तू अणूंची असते, हे तू वाचलंयस. आता सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते ते सगळं मैदान म्हणजे एक अणू धर. तर त्याच्या मधोमध हा एवढा ज्वारीचा दाणा, ते त्याचं केंद्र. जवळजवळ सगळं वजन ह्या दाण्यात. मैदानाच्या कडेपर्यंत फिरतात ते इलेक्ट्रॉन, अगदी हलके. बाकी मैदान रिकामं."

"रिकामं? मग ह्या सुपात माझं बोट आरपार का जात नाही?"

"सासऱ्यांच्या वळणावर चाललीस," तो हसला. "इलेक्ट्रॉन इलेक्ट्रॉनला जवळ येऊ देत नाही, ढकलतो. तुझ्या बोटाचे आणि सुपाचे एकमेकांना अडवतात." मग म्हणाला, "ह्या दाण्यात पुन्हा दोन जातीचे कण दाटीनं बसलेले असतात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. न्यूट्रॉनचा पत्ता तर आत्ता आत्ता लागलाय. बहुतेक अणूंचं केंद्र नीट शिवलेल्या पोत्यासारखं असतं. रेडियमचं पोतं मात्र ठासून भरलेलं. कुणी बोट न लावता त्याची शिवण उसवते आणि आतला तुकडा गोळीसारखा बाहेर उडतो. आत्ता कुठलं पोतं उसवेल ते सांगता येत नाही. पण निम्मी पोती उसवायला सोळाशे वर्षं लागतात, एवढं नक्की."

"त्याला विझवायचं कसं?"

"विझवता येत नाही. भाज, कुट, पाण्यात टाक, जाळून भस्म कर. चुलीचा जाळ अणूच्या कडेला पोचतो, केंद्रापर्यंत त्याचा हात जात नाही."

मी निवडायची थांबले. म्हणजे ज्याच्यातला दोष जळत नाही असंही भस्म असतं तर.

मग त्यानं किरणांचं सांगितलं. अल्फा जड, साध्या कागदाला अडतो. बीटा कागदातून जातो, धातूच्या पत्र्याला अडतो. गॅमा लाकडातून, माणसातून सुद्धा जातो. शेवटी आवाज उतरवून म्हणाला, "इंग्रजी पेपरात आलं होतं. परदेशात घड्याळाच्या आकड्यांना हा रंग लावणाऱ्या पोरी होत्या. कुंचल्याचं टोक बारीक करायला ओठात धरायच्या. त्यांचे जबडे नासले. शरीराला हे रेडियम चुन्यासारखं वाटतं ग. ओळखीचा पाहुणा समजून ते त्याला हाडात जागा देतं. मग तो तिथून हलत नाही, आणि आतून गोळ्या मारत राहतो."

जाताना त्यानं हे सगळं सासू-सासऱ्यांच्याही कानावर घातलं. पण सुनेच्या भावाचं बोलणं. सासरे म्हणाले, "आधी खरं हाय का ते ठरू द्या, मास्तर. पाण्यात म्हैस कशाला मोलायची."

तो गेल्यावर मी सिद्धेश्वराला मनातून म्हटलं, देवा, त्या फेटेवाल्याला लबाड ठरव. खडूची पूड निघू दे, पिठी निघू दे. लबाड माणसासाठी मी जन्मात एकदाच देवाकडे मागणं मागितलं.

आठवा दिवस आला. सासरे पेटी घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले. आम्ही दारापाशी. आतून पाण्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. ते बाहेर आले तेव्हा हातात ओली काच होती. सगळी काळी. मधोमध कपाटाची किल्ली, दात्यांसकट, स्वच्छ कोरी.

"चमकतीय अजून," सासरे म्हणाले. चेहरा पडला होता त्यांचा. "खरं हाय."

खरं ठरलं म्हणजे आत. सासूबाईंनी लगेच दूध तापवायला ठेवलं. सासऱ्यांनी स्वतः लाख फोडली. चिमटीत धरवेना म्हणून काडीच्या टोकावर पूड घेऊन वाटीत झटकली, आणि अक्का भिंतीला धरून सरळ बसली, नवऱ्या मुलीसारखी. मी मधे जाऊन उभी राहिले.

"मामा, हे देऊ नका तिला."

"का?" सासऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते भेसळीच्या तुपाकडे बघायचे. "खोटं हाय म्हणत हुतो तवा तू बी मान हालवत हुतीस. आता खरं निघालं तर वाईट म्हणतीस. तुला अक्का बरी व्हायला नको हाय का?"

तेवढं मी सोसलं असतं. पण मी वळून बघितलं तर अक्काच्या डोळ्यांतही तोच प्रश्न. मला काय वाटलं ते आता लिहूनही सांगता येत नाही.

"तुझं गुडघं दुखत न्हाईत," ती म्हणाली. "तुझं पुस्तक दुखतंय."

सासूबाई म्हणाल्या, "आणि तुझा भाऊच म्हणला की, पयला किरण कागदाला अडतो. कागदाला अडतो त्याला भ्यायचं काय?"

"पोटात कागद कुणी लावलाय, अत्या?"

त्यांनी हातातली वाटी तरीही खाली ठेवली नाही. मैदान, दाणा, पोतं, मला काहीच धड सांगता येईना. शेवटी समोर होती ती काच मी दाखवली.

"मामा, ही प्लेट घासून धुतली तर परत कोरी होईल का?"

"कशी होईल? प्लेटनं एकदा उजेड खाल्ला की खाल्ला. ती गेली."

"बाटली बंद होती. बुचाला लाख होती. मधे काळा कागद होता. तरी ती गेली." मला रडू यायला लागलं होतं. "अक्काला मधे काहीच नाही. खोटं असतं तर मी काही बोलले नसते. पिठी पोटात गेली असती नि बाहेर पडली असती. हे खरं आहे, मामा. म्हणूनच नको."

सासऱ्यांना मी पहिल्यांदाच अशा वस्तूकडे संशयानं बघताना पाहिलं जी खरी ठरली होती. त्यांनी हातातली काडी न्याहाळली, मग आपली बोटं न्याहाळली, आणि हात धुवायला न्हाणीत गेले.

अक्का म्हणाली, "ती काच आण हिकडं." खिडकीच्या उजेडाला धरून ती बराच वेळ बघत राहिली. किल्लीवरून बोट फिरवलं. "बाकीचं सगळं करपलंय की," ती म्हणाली. भाकरी थापणारी बाई ती, तिला तोच शब्द सुचला. मग सासूबाईंच्या हातातून वाटी घेतली, भिंत धरत धरत उठली, कुणाचा हात घेतला नाही, आणि दूध चुलीतल्या गार राखेत ओतलं.

"दूध नासलं, अत्या," तिनं सांगितलं. आणि माझ्याजवळून जाताना, "तुझं पटलं म्हणून न्हाय हं. तू रडायला लागलीस की तुला वाचता येत न्हाय, आणि मला गोष्ट अर्धवट ऱ्हायलेली चालत न्हाय."

ती राख, ती वाटी, ती काडी, सगळं मी एका पत्र्याच्या डब्यात भरलं. फेटेवाला निकाल ऐकायला आला तेव्हा सासरे त्याला म्हणाले, "खरं हाय. म्हणून घेत न्हाय."

"मालक, खोटं म्हणून परत करणारे लई बघितले. खरं म्हणून नको म्हणणारे तुमीच पयले."

"आणि परत बी देत न्हाय." बाटलीचं मोल त्यांनी त्याच्या हातावर ठेवलं आणि दार लावून घेतलं. दिली असती तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी दुधात गेली असती. पुढच्या खेपेला भाऊ आला तेव्हा बाटली नि डबा पुण्याला घेऊन गेला, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत देऊन आला. पण त्या माणसाच्या कोटाला दुसरा खिसा होता. त्यात काय होतं, कोण जाणे. पुढे कितीतरी वर्षं, गावात कुणाचा जबडा सुजला, कुणाचे दात अवेळी पडले असं ऐकलं की मी हातातलं काम टाकून विचारायची, दुधातून काही घेत होता का? लोक मला चमत्कारिक समजायचे.

अक्काचे गुडघे कधीच बरे झाले नाहीत. थंडी पडली की ती न चुकता म्हणायची, "तुझ्यामुळं दुखतंय." चिमूटभर घेऊन तिचं काय झालं असतं, हे मला तरी कुठं ठाऊक आहे? कदाचित काही झालंही नसतं. पण म्हातारपणी ती कडक भाकरी पाण्यात न भिजवता कडाकडा खायची, आणि तो आवाज ऐकला की मला तिचे टोमणे गोड लागायचे.

आता तुझं घड्याळ. ते तुझ्या आजोबांनी पुढे कधीतरी हौसेनं आणलं, आणि मी पहिल्या दिवसापासून त्याला उशाशी येऊ दिलं नाही. त्या रंगात दोन वस्तू असतात, बघ. एक रेडियम, ते मारतं. दुसरी पूड, ती मार खाऊन चमकते. मार खाऊन खाऊन पूड थकली, म्हणून अंधार झाला. मारणारा थकलेला नाही. तो आपला तिथंच बसलाय, आणि तू त्याला नखानं डिवचून आलीस.

मी ते घड्याळ फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून, परसातल्या खोलीत ठेवलंय. मला ते उघडायचं नाही आणि टाकायचंही नाही, कचऱ्यात टाकून ते कुणाच्या तरी पोराच्या हातात जायचं. तुझ्या कॉलेजात ह्यातलं कळणारं कुणी असेल त्याला विचार आणि त्याच्याकडे पोचतं कर. ती किल्लीची काच अजून माझ्या ट्रंकेत आहे, एका कोपऱ्याला टवका उडालाय एवढंच. तीही तुला द्यायची आहे, पण टपालानं नाही, हातात द्यायची आहे. म्हणून लवकर ये. ज्वारी नवी आलीय, भाकरी करते. आणि येताना नखं कापून ये.